गोव्यात कायदा बदलला म्हणजे नेमकं काय झालं? शेवटचं कलम आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी फोंड्याची, एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला. लीगल हिस्टरीच्या पेपरात १७२६ ची मेयर्स कोर्टं, १७७३ चा रेग्युलेटिंग अॅक्ट, नंदकुमारचा खटला, १८६१ चा हायकोर्ट्स अॅक्ट हे सगळं आहे, गोव्याचं एक ओळसुद्धा नाही. सर म्हणतात कायदा उत्क्रांत होत जातो. मग आपल्याकडे काय झालं, पोर्तुगीज कायदा गेला आणि भारतीय आला, एवढंच ना? आणि उद्या प्रॅक्टिस करायची तर हे सगळं शिकून फायदा काय, सुरुवात तरी कुठून करू?"

बाय, त्या "एवढंच ना" मध्येच सगळी मेख आहे. मी दिवाणी बाजूला आहे, त्यातही जास्त करून इन्व्हेंटरी (म्हणजे मृताच्या मिळकतीची कोर्टातली वाटणी) आणि जमिनीच्या टायटलची कामं, आणि इतक्या वर्षांत मला तो दिवस कुठल्या कागदावर सापडलेला नाही ज्या दिवशी एक कायदा गेला आणि दुसरा आला. झेंडा एका दिवसात बदलतो, कायदा नाही बदलत. जुना कायदा कुठल्या तरी कलमात हळूच ठेवून दिलेला असतो आणि तो पुढच्या शंभर वर्षांत कधीही, कुणाच्याही केसमध्ये उठून बसतो.

विश्वास नसेल तर घरात कुणी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत असेल त्याचा फॉर्म बघ. त्यात विचारलेलं असतं की तुम्ही पोर्तुगीज सिव्हिल कोडखाली येता का. हो म्हटलं की शेड्यूल ५ए येतं, नवऱ्याचा किंवा बायकोचा पॅन मागतं, आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, बँकेचं व्याज, दुकानाचा नफा, दोघांत निम्मंनिम्म वाटून दाखवायचं. मुंबई-पुण्याचा सीए पहिल्यांदा गोव्याच्या माणसाचं रिटर्न भरतो तेव्हा इथे हमखास अडकतो. ते कलम ५ए घातलं १९९४ च्या फायनान्स अॅक्टने, पण लागू केलं १ एप्रिल १९६३ पासून, एकतीस वर्षं मागे जाऊन! कारण मधल्या काळात टॅक्स खातं आणि गोंयकार यांचे कोर्टात वाद चालले होते, नवरा-बायकोला मिळून एकच असेसी, म्हणजे करदाता, धरायचं की प्रत्येकाच्या अर्ध्या हिश्श्यावर वेगळा टॅक्स लावायचा. आणि आता १९६१ चा टॅक्स कायदा जाऊन २०२५ चा आला तर त्यातसुद्धा ही तरतूद नव्या नंबराने आलीच. लिस्बनमध्ये १८६७ साली मंजूर झालेल्या कोडाचं एक तत्त्व आज भारत सरकारच्या पोर्टलवर ड्रॉपडाउनमध्ये बसलंय, आणि पोर्तुगालने स्वतः तो कोड कधीच टाकून दिलाय, त्यावर पुढे येतोच.

तर माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार. कायद्याचा इतिहास शिकायचा असेल तर कायद्याचं प्रिअॅम्बल आणि मोठमोठी तत्त्वं नंतर वाच, आधी शेवटी जा, जिथे रिपील आणि सेव्हिंगचं कलम असतं. काय रद्द केलं, काय राखलं, कुणासाठी राखलं आणि कुठल्या तारखेपासून. सरकार बदलतं तेव्हा नवीन सरकार काय बोलतं ते वरच्या कलमांत असतं, आणि त्याला काय झेपत नाही ते सेव्हिंग क्लॉजमध्ये असतं. गोव्याचा पाचशे वर्षांचा कायद्याचा इतिहास मी तुला फक्त या राखलेल्या कलमांवरून सांगू शकतो, आणि सांगतोच.

पहिलं उदाहरण १५२६ चं. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, म्हणजे तेव्हा फक्त तिसवाडी; बारदेस आणि सासष्टी १५४३ मध्ये आले. आल्या आल्या सतीबंदी वगैरे झाली, पण सोळा वर्षांनी त्यांनी जो कागद केला तो महत्त्वाचा, आफोंसु मेशियाचा फोराल, म्हणजे गावच्या हक्क-रिवाजांची सनद. तो महसुलाचा अधिकारी होता. त्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रिवाज लिहून घेतले, गावकार कोण, जमीन कोण कसायला देणार, फोरु म्हणजे सरकारचा हिस्सा कोण भरणार, मूलबाळ नसताना गावकार मेला तर त्याच्या जमिनीचं काय. लोकांना वाटतं की पोर्तुगीजांनी कृपा करून आपले रिवाज जपले. अरे कसली कृपा, गावकरी, म्हणजे गावकारांची सामायिक संस्था, मोडली असती तर बांध कुणी सांभाळला असता, खाजनात (खाडीकाठच्या शेतात) खारं पाणी शिरलं असतं तर भात कुठून आणि कर कुठून? महसूल हवा होता म्हणून रिवाज राखला. पण लिहिल्यावर रिवाज तोच राहत नाही हे मात्र लक्षात ठेव. जोपर्यंत गावकार बसून ठरवत होते तोपर्यंत गरजेप्रमाणे वळवता येत होतं, एकदा राजाच्या शिक्क्याने कागदावर आलं की पुढच्या भांडणात कागद काय म्हणतो ते बघायचं. पुढे याच गावकरीची कोमुनिदाद झाली, १९०४ चा कोड, १९३३ चा, मग १९६१ चा. हा शेवटचा कोड एप्रिल १९६१ चा, म्हणजे पोर्तुगीज जायला आठ महिने राहिले होते तेव्हाचा, आणि दुरुस्त्या होऊन तोच आज चालू आहे. सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत, गावकारांना झोन (उत्पन्नातला वार्षिक हिस्सा) मिळतो, आणि कोमुनिदादीच्या जमिनीवरचं अतिक्रमण हा आमच्या कोर्टांचा रोजचा धंदा.

मधल्या अडीचशे वर्षांवर, म्हणजे इन्क्विझिशनवर (१५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं बंद) सगळेच लिहितात म्हणून मी लांबण लावत नाही. एकच गोष्ट सांगतो, अभ्यासाच्या दृष्टीने. १७३६ चा जो हुकूम आहे, ज्यात ख्रिस्ती झालेल्यांना जुने रिवाज पाळायला बंदी केली, लग्नातली गाणी, तुळस, कपडे, जेवणातल्या गोष्टी, तो बंदीचा हुकूम म्हणून वाचू नको, यादी म्हणून वाच. धर्म बदलून पिढ्या गेल्या तरी घराघरात काय काय चालू होतं त्याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे मिळणं मुश्कील. कायद्याच्या इतिहासात बंदी दिसली की समजायचं ती गोष्ट जोरात चालू होती.

आता तुझा फोंडा. फोंडा, केपे, सांगे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हे सगळे नव्या काबिजादीतले, म्हणजे नंतर ताब्यात आलेल्या मुलखातले, १७६३ ते १७८८ च्या दरम्यान सोंद्याच्या राजाकडून आणि सावंतवाडीकर भोसल्यांकडून आले. तोपर्यंत पोर्तुगीजांची रग उतरली होती, धर्म आणि रिवाज यांना हात लावणार नाही असं सांगूनच हे महाल घेतले. म्हणजे जुन्या काबिजादीत एक कायदा, नव्यात दुसरा, आणि राज्य एकच. १८५३ मध्ये नव्या काबिजादीच्या रिवाजांचा स्वतंत्र कोड केला, दमण आणि दीवचे वेगळे. मग आला १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, विस्कोंद द सियाब्राने रचलेला. १८ नोव्हेंबर १८६९ च्या डिक्रीने तो वसाहतींना लावला आणि १ जुलै १८७० पासून इथे चालू झाला. पण त्या डिक्रीचं आठवं कलम बघ, तिथे नव्या काबिजादीचे, दमणचे, दीवचे रिवाज राखून ठेवलेत. आणि दहा वर्षांत १६ डिसेंबर १८८० ची डिक्री येते, हिंदूंच्या रिवाजांची, ती जुन्या आणि नव्या दोन्ही काबिजादींतल्या हिंदूंना. त्यात दत्तक आहे, जो मूळ कोडात नव्हताच, सियाब्राच्या कोडाने दत्तक काढूनच टाकला होता. आणि त्यातच ती प्रसिद्ध तरतूद, पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर ठराविक अटींवर दुसरं लग्न. आज कुणी ती वापरत नाही, पण टीव्हीवर गोव्याचा समान नागरी कायदा म्हणून जे ओरडतात त्यांना हे कलम दाखवलं की आवाज जरा खाली येतो.

समान म्हणतात ते कितपत समान, तेही सांगून टाकतो. वारसा, लग्नाची नोंदणी, मालमत्तेचं निम्मंनिम्म हे सगळ्यांना सारखं, ही खरंच मोठी गोष्ट आहे. शरीयत अॅक्ट १९३७ इथे कधी लागूच झाला नाही त्यामुळे मुसलमानांनाही तेच. पण हिंदूंना १८८० ची डिक्री, कॅथलिकांना १९४० च्या कोंकोर्दातानंतर (पोर्तुगाल आणि व्हॅटिकनमधला करार) १९४६ च्या डिक्रीने चर्चमधल्या लग्नाचा वेगळा रस्ता. तेव्हा एकसारखं नाही, बऱ्यापैकी एकसारखं. आणि बायकांना सगळं दिलंय असं जे म्हणतात त्यांनी कोड वाचलेला नसतो. मालकी दोघांची, पण कारभार नवऱ्याकडे, असं कोडात स्पष्ट लिहिलंय. बायको वारस म्हणून मुलं, आईवडील, भावंडं यांच्या मागे, ती तगते ती स्वतःच्या अर्ध्या हिश्श्यावर. तो अर्धा हिस्सासुद्धा १८६७ मध्ये कुणा सुधारकाला सुचलेला नाही. पोर्तुगालमध्ये जुना रिवाज होता, सोळाव्या शतकात मानुएल राजाच्या संहितेत तो आला, तिथून कोडात. म्हणजे कोड स्वतःसुद्धा जुन्या गोष्टी राखूनच बनलेला.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजा गेला, रिपब्लिक आलं, आणि दोन-तीन महिन्यांत घटस्फोटाचा कायदा आणि लग्न हा दिवाणी करार असल्याचा कायदा. ते इथेही आले. म्हणून आमच्याकडे लग्न म्हणजे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन इरादा सांगायचा, नोटीस लागते, मग पुन्हा जाऊन सही करायची, तेव्हा कायद्याने लग्न झालं, भटजीने अक्षता टाकल्या की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला १९५५ मध्ये, पेडण्यातल्या हिंदू बाईला तो हक्क त्याच्या कितीतरी आधी होता. वापरला किती जणींनी ही वेगळी गोष्ट, आणि खरा इतिहास त्या वेगळ्या गोष्टीतच आहे.

आता १९६१. १९ डिसेंबरला मुक्ती, आणि १९६२ चा गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायदा. त्याचं कलम ५ तुझ्या पेपरात नसेल तर स्वतःहून पाठ कर. मतलब असा की ठरलेल्या दिवसाच्या, म्हणजे २० डिसेंबर १९६१ च्या, आधी जे कायदे चालू होते ते सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील. बस. एवढ्या एका वाक्याने लिस्बनचे कायदे भारताचे कायदे झाले. मग १९६२, ६३ मध्ये रेग्युलेशन्स काढून एकेक करत भारतीय कायदे आणले, आयपीसी आधी आली, पण सिव्हिल प्रोसिजर कोड यायला १९६६ चा जून उजाडला. म्हणजे साडेचार वर्षं भारताच्या कोर्टात पोर्तुगीज प्रोसिजरने दावे चालले! जज्ज, वकील, कारकून, सगळ्यांना दोन्ही डोक्यात ठेवावं लागलं असेल. आणि गंमत म्हणजे नेमकं त्याच सुमाराला पोर्तुगालने नवा सिव्हिल कोड केला, १ जून १९६७ पासून, आणि सियाब्राचा कोड तिथे संपला. इथे नाही संपला, कारण आपण राखलेला कायदा २० डिसेंबर १९६१ चा, त्यापुढे लिस्बन काय करतंय याच्याशी आपला संबंध नाही. मुलगी आईचं घर सोडून आली आणि मागे आईने घर पाडून नवीन बांधलं, पण मुलीकडे जुन्याच घराची किल्ली आणि जुनाच नकाशा, असं काहीसं.

सेव्हिंग क्लॉज किती महाग पडू शकतो त्याचं माझं आवडतं उदाहरण मुदतीचं, लिमिटेशनचं. कर्ज बुडालं तर किती वर्षांत दावा लावायचा? लिमिटेशन अॅक्ट १९६३ म्हणतो साधारण तीन वर्षं. पोर्तुगीज कोडात सर्वसाधारण मुदत वीस आणि तीस वर्षांची. आता लिमिटेशन अॅक्टच्या कलम २९ मध्ये एक छोटा राखीव भाग आहे की स्पेशल किंवा लोकल लॉमध्ये वेगळी मुदत दिली असेल तर ती चालेल. झालं, प्रश्न उभा राहिला, पोर्तुगीज कोड हा "लोकल लॉ" आहे का? १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं हो, आहे, त्यामुळे गोव्यात पोर्तुगीज मुदत. बँका खूश, ऋणको कपाळाला हात लावून. मग २००१ मध्ये त्याच कोर्टाने एका बँकेच्याच केसमध्ये तो निकाल फिरवला, सांगितलं की नाही, लिमिटेशन अॅक्ट गोव्याला लागू झाला तेव्हाच जुनी मुदतीची कलमं गेली. लक्षात घे, मधल्या बावीस वर्षांत विधिमंडळाने त्या कलमाच्या एका अक्षराला हात लावला नव्हता. कायद्याचं पुस्तक तेच आणि कायदा उलटा. त्या बावीस वर्षांतल्या दाव्यांच्या फायली वाचताना तारीख बघितली नाहीस तर वकील वेडे होते की काय असं वाटेल. वेडे नव्हते, त्या दिवशीचा कायदाच तो होता. म्हणून मी आमच्या ज्युनियरना सांगतो, निकालाआधी तारीख वाच, आणि तारखेला कुठलं कलम जिवंत होतं ते काढ.

तुझे सर उत्क्रांती म्हणतात त्याला माझा विरोध नाही, पण त्या शब्दाने डोळ्यासमोर जिना येतो, खालून वर, रानटीकडून सुधारलेल्याकडे. तसं नसतं. हिंदू मुलीचा वाटा घे. पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीला जा. तिथल्या हिंदू घराला मिताक्षरा, मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मिळकतीत हक्क, मुलीला तो हक्क महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आला. नाक्याच्या अलीकडे पेडण्यात कोडाप्रमाणे मुलीला मुलाइतकाच वाटा, आणि बापाला सगळी मिळकत एका मुलाच्या नावे मृत्युपत्राने करताच येत नाही, अर्धी मुलांसाठी राखीवच. सावंतवाडीचा काका स्वकष्टाची सगळी इस्टेट धाकट्याला देऊन मोकळा होतो, पेडण्याचा पुतण्या तसं करायला गेला तर बाकीची भावंडं कोर्टात. दोन्ही घरांची कुलदेवता एक, आडनाव एक, लग्नं एकमेकांत, मध्ये फक्त एक नाका.

मग गोव्यातल्या मुलींना वाटा मिळाला का? इथे पुस्तक बंद करून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायचं. तिथे तुला हक्कसोडीचे दस्त दिसतील, बहिणींनी भावांच्या नावे केलेले, वर्षानुवर्षांचे. वडील गेले, बारावं-तेरावं झालं, भाऊ म्हणतो सही कर गो, बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. कायद्याने वाटा दिला म्हणून सही लागली, आणि सही घेऊन वाटा परत घेतला. नाक्यापलीकडच्या बहिणीची निदान सही तरी लागत नव्हती. आता पुढचं बघ, ती सही करते तेव्हा तिच्या नवऱ्याचीही सही लागते, कारण निम्मंनिम्म. म्हणून गोव्यातल्या जुन्या घराचा सेलडीड बघितलास तर विकणारे म्हणून पानच्या पान नावं असतात, भाऊ, भावजय, बहीण, मेव्हणा, गेलेल्या भावाची मुलं आणि त्यांच्या बायका. दिल्लीचा बिल्डर विचारतो, जागा एकट्याच्या नावावर दिसते, मग एवढ्या सह्या कशाला? तर यासाठी. एक मेव्हणा दुबईत असला आणि सही राहिली की दहा वर्षांनी तोच दस्त माझ्या टेबलावर येतो.

इन्व्हेंटरी प्रोसिडिंग एकदा तरी कोर्टात बसून बघ, सगळा इतिहास एका खोलीत दिसतो. माणूस गेला की घरातला कारभारी, ज्याला जुने वकील अजून काबेसा द काझाल म्हणतात, तो शपथ घेऊन वारसांची आणि मिळकतीची यादी देतो. आधी जिवंत जोडीदाराचा अर्धा बाजूला. उरलेला अर्धा वारसांत. घर एक आणि वारस पाच असतील तर लिसितासांव, म्हणजे वारसांचा आपसातला लिलाव. जो जास्त बोलेल त्याला घर, आणि त्याने बाकीच्यांना फरकाचे पैसे द्यायचे. सख्खे भाऊ जन्मलेल्या घरासाठी एकमेकांवर बोली लावतात, आणि शिरस्तेदार शांतपणे आकडे लिहीत असतो. वारसाने आधी यादी करायची ही कल्पना रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळाइतकी जुनी, मधली वळणं पोर्तुगालची, प्रोसिजर आता गोवा विधानसभेच्या कायद्याची. तो कायदा २०१२ चा, वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा, चालू झाला २०१६ च्या डिसेंबरात. त्याने कोडातली वारशाची कलमं जवळजवळ सगळी उचलून नव्या कपड्यात घातली. काही बदललं, बरंच तेच. आणि शेवटी अर्थातच रिपील आणि सेव्हिंग, कारण त्याआधी मेलेल्या माणसाचा वारसा त्याच्या मृत्यूच्या दिवशीच्या कायद्याने. १९५८ मध्ये आजोबा गेले आणि इन्व्हेंटरी आज उघडली तर आजही १८६७ चा कोड काढून बसावं लागतं. फायदा काय विचारलंस ना, हा फायदा. आमच्याकडे कायद्याचा इतिहास हा अभ्यासाचा विषय नाही, फीचा विषय आहे.

२०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही वाच, १३ सप्टेंबरचा, न्यायमूर्ती दीपक गुप्तांचा. प्रश्न होता गोंयकाराची मुंबईतली मिळकत कुठल्या कायद्याने वाटायची. कोर्ट म्हणालं गोव्याच्या, कारण १९६२ मध्ये संसदेने तो कायदा स्वीकारला त्या दिवसापासून तो परका कायदा राहिलाच नाही, भारताचा झाला. पेपरवाल्यांनी त्यातलं समान नागरी कायद्याचं वाक्य उचललं, मला त्यातला कलम ५ चा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात कुठून विचारतेस तर कोड पहिल्या कलमापासून वाचायला बसू नको, झोप येईल. तुझ्या स्वतःच्या घराच्या किंवा शेजारच्या भाटाच्या (बागायतीच्या) कागदांपासून सुरू कर. एक-चौदाचा उतारा (आपला सातबाराच म्हण) काढ, तो सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेचा. त्यात मालक, कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचे रकाने आहेत, म्हणजे १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा तिथेच भेटले. मग मागे जा, पोर्तुगीज काळातलं जमीन नोंदणीचं डिस्क्रिप्शन शोध, बुकाचा नंबर आणि फोलियो. तिथे सर्व्हे नंबर नाही, चतुःसीमा आहेत, पूर्वेला अमक्याच्या वारसांची जागा, पश्चिमेला डोंगर, उत्तरेला व्हाळ. ती जागा कुठली हे कळायला शेजाऱ्याचा दस्त काढावा लागतो, त्यासाठी त्याच्या शेजाऱ्याचा. असे चार-पाच दस्त जोडलेस की वाड्यावर कोण कधी आलं, कुणी आफ्रामेंतावर (कायमच्या पट्ट्याने) जमीन घेतली, कुणाची गहाणात गेली, हे पुस्तकाशिवाय कळतं. घराण्यात देवळाची महाजनकी असेल तर १९३३ चं माझानियांचं (महाजनांच्या संस्थांचं) रेग्युलेशन बघ. देवळांच्या महाजनांची निवडणूक आजही त्या पोर्तुगीज नियमाने होते, हे सांगितलं तर बाहेरच्या लोकांना खोटं वाटतं.

त्यानंतर पणजीचं पुराभिलेख खातं. त्याची सुरुवात १५९५ ची, दियोगु दु कोतु हा पहिला रखवालदार. लिस्बनशी दरसाल जहाजांबरोबर जाणारा-येणारा पत्रव्यवहार तिथे बांधून ठेवलाय, कोमुनिदादींची बुकं आहेत, नोटरींची आहेत. गॅझेटं, म्हणजे १८३७ पासूनचं बोलेतीं, पाट्याच्या सेंट्रल लायब्ररीत बघता येतील. कोडाचं इंग्लिश भाषांतर सरकारने २०१८ मध्ये गॅझेटात छापलं, त्याआधी आम्ही मनोहर उसगांवकरांसारख्या वकिलांनी केलेल्या भाषांतरांवर दिवस काढले.

पोर्तुगीज शिकावी लागेल का? वाचण्यापुरती, हो. बोलता नाही आली तरी चालते, दस्तांची भाषा ठराविक असते, तीनशे-चारशे शब्दांत काम भागतं, खरा त्रास हस्ताक्षराचा. पण पोर्तुगीजइतकीच मोडी शिक, हे कुणी सांगत नाही. नव्या काबिजादीतले देवस्थानांचे, महालांचे, सावकारांचे किती तरी कागद मोडी मराठीत आहेत आणि ते वाचणारी माणसं आता मोजकीच उरलीत. तू फोंड्याची आहेस, तुझ्या जवळच्याच एखाद्या देवस्थानाच्या कपाटात असे रुमाल (कागदांचे गठ्ठे) असण्याची शक्यता आहे. महाजनांपैकी कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघ, आणि फोटो काढायला देत असतील तर पावसाळ्याआधी काढ.